आतली कडी

आमच्या घरात मी चिडले की पाणी येतं. नळाला नव्हे, पेल्यात. मी आवाज चढवायचा अवकाश, जो जवळ असेल तो पेला भरून माझ्यासमोर धरतो. दूध उतू गेलं म्हणून ओरडले, पाणी. घड्या घातलेले कपडे कुणी उपसून ठेवले म्हणून ओरडले, पाणी. आणि वर तो गोड आवाज, "घे गं, दोन घोट घे." वर्षभरात इतकं पाणी प्यायलेय की राग आला की आधी बाथरूमच आठवतं. आणि बाथरूम आठवलं की राग दुप्पट होतो, कारण आमच्या बाथरूमला आतून कडी नाही.

होती. चांगली जाडजूड पितळी कडी होती. आमच्या ह्यांनी ती काढून टाकली.

हे चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासतात. हात इतका सफाईचा की काढलेल्या कडीच्या स्क्रूची भोकंसुद्धा शिल्लक ठेवली नाहीत. लांबी भरली, घासली, वरून रंग मारला. इथे कधी कडी होती असं सांगूनही कुणाला पटायचं नाही. माझा हात मात्र अजून रोज तिकडेच जातो, आणि गुळगुळीत दार लागलं की तसाच मागे येतो.

का काढली तेही सांगते, उगाच लपवाछपवी नको. गेल्या वर्षी मला बरं नव्हतं. ताप नाही, खोकला नाही, कुणाला दाखवावं असं काही म्हणजे काही नाही. सकाळी उठायचं म्हणजे भिजलेली गादी अंगावरून ढकलण्यासारखं वाटायचं. कामावर जाणं बंद झालं, मग केस विंचरणं बंद झालं. एका दुपारी अंघोळीला म्हणून आत गेले, कडी लावली, बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. आणि मग उठताच येईना. बाहेरून सासूबाईंनी हाका मारल्या, मग लेकीने मारल्या, मग हे दुकानातून धावत आले. मला सगळं ऐकू येत होतं. पण नुसतं 'ओ' म्हणायलाही ताकद लागते हो, ती कुठूनच गोळा होईना. शेवटी ह्यांनी आणि शेजारच्या सुताराने मिळून दार उचकटलं. मी आत तशीच, अंगावर सगळे कपडे, नळ बंद. हे धापा टाकत म्हणाले, "काय करत होतीस?"

मी म्हटलं, "काही नाही. नुसती बसले होते."

हे खरं आहे. कुणाच्याही गळ्याची शपथ घालून विचारा, मी हेच सांगेन. पण त्या दिवसापासून आजतागायत घरातल्या एकाही माणसाचा त्यावर विश्वास बसलेला नाही. एका स्क्रूवर लोंबणारी कडी ह्यांनी त्याच संध्याकाळी काढली.

मग घराने नवीन रीत काढली. आत कुणी असलं की दाराच्या मुठीला बाहेरून टॉवेल टांगायचा. ही आमच्या बारकीची अक्कल. बारकी म्हणजे माझी लेक, कॉलेजात जाते, उंचीने माझ्या डोक्यावरून गेली तरी नाव तेच. टॉवेल सगळ्यांसाठी, पण पुढची रीत फक्त माझ्यासाठी. मला आत जरा वेळ झाला की बाहेरून कुणीतरी विचारणार, "आहेस ना?" आणि मी म्हणायचं, "आहे." तोंडात ब्रश असो, डोळ्यांत साबण असो, 'आहे' म्हणायचंच. नाही म्हटलं तर दार उघडतं. एकदा डोक्यावरून पाणी घेत होते, ऐकूच आलं नाही, तर सासूबाई थेट आत. मी किंचाळले. त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "आहेस ना, मग झालं तर," आणि गेल्या. दोन मिनिटांत पाण्याचा पेला आला. अंघोळ करणाऱ्या बाईला पाणी!

सासूबाईंचं तर मला सगळ्यात जास्त लागतं. आमची भांडणं म्हणजे आख्ख्या गल्लीची करमणूक होती. फडका कसा पिळायचा यावरून आम्ही अर्धा दिवस भांडायचो. त्या मला फटकळ म्हणायच्या, मी त्यांना म्हणायचे की तुमच्याकडूनच उचललंय. आणि संध्याकाळी एकाच ताटात शेंगा सोलत बसायचो. आता मी काहीही म्हटलं तरी त्यांचं एकच, "बरोबर आहे तुझं." परवा मी मुद्दाम त्यांच्या आवडत्या बरणीत साबणाची पूड भरून ठेवली. म्हटलं, बघू तरी. त्यांनी बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. मग म्हणाल्या, "बरं केलंस गं, हाताशी राहील." मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. बायको मेल्यावर तिच्या फोटोशी बोलतात ना, तसं बोलतात हे लोक माझ्याशी.

त्या दुपारनंतर ज्यांच्या गोळ्या सुरू झाल्या त्या डॉक्टरीणबाईंकडे परवा गेलो तेव्हा मी सगळं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "राग येतोय? छान. गेल्या वर्षी तुम्हाला रागही येत नव्हता." गोळ्याही कमी केल्या. हे शेजारी बसून शहाण्या मुलासारखी मान हलवत होते. मला वाटलं, आता सुटले. बाहेर आलो, रिक्षावाला जास्त घ्यायला लागला, मी त्याला दोन शब्द सुनावले, तर ह्यांनी पिशवीतून बाटली काढली. झाकण उघडून दिलं वर.

तरी कामाची जागा माझी होती. आमच्या कारखान्यात शाळेचे शर्ट शिवतात आणि मी कापड कापते. कापणाऱ्याला मास्तर म्हणायची पद्धत आहे, मग तो बाप्या असो की बाई, म्हणून मीही मास्तर. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर आखायचं आणि मशीनने सगळे एकदम कापायचे. मशीनचा घरघराट इतका की तिथे ओरडल्याशिवाय कुणाला काही ऐकूच जात नाही. सगळेच ओरडतात. मी परत कामावर गेले त्या दिवशी त्या गोंगाटात मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

आणि तिथेच मी माती खाल्ली. बाह्यांचं कापड आलं होतं, त्याला सुलट बाजू वेगळी, उलट वेगळी. असं कापड अंथरताना थर समोरासमोर घालायचे, एक सुलटा, एक उलटा, म्हणजे एकाच कापात डावी आणि उजवी बाही जोडीने निघते. नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात हे. पण त्या सकाळी अंघोळीला जरा वेळ लागला तर बाहेरून तिघांनी पाळीपाळीने 'आहेस ना' विचारलं होतं, आणि माझं डोकं त्या दारातच अडकून बसलं होतं. मी सगळे थर सुलटेच घातले. मशीन फिरवली. गठ्ठा सोडून बघते तर काय, सगळ्या बाह्या डाव्या. ढीगभर पोरं आणि एकालाही उजवा हात नाही!

मालकीणबाईंना बोलावणं गेलं. त्यांचा आवाज असा की सगळ्या मशिनी चालू असल्या तरी फाटकावर ऐकू येतो. एका कारागिराचं काज जरासं सरकलं होतं तर त्याची अशी बिनपाण्याने केली होती की तो आठवडाभर मान वर करत नव्हता. मी मान खाली घालून उभी राहिले. खरं सांगते, मला बोलणी हवी होती. पडू देत तोंडावर, म्हटलं. चुकले तर चुकले, मास्तर म्हणून चुकले.

त्यांनी दोन बाह्या उचलल्या, एकमेकींवर ठेवल्या. नाकपुड्या फुगल्या. तोंड उघडलं. आणि मिटलं. मग असा मऊ आवाज काढला की मला आधी वाटलं मागे कुणी दुसरीच बाई बोलतेय. "होतं गं मास्तर असं. जाऊ दे. बस जरा तू." आणि मागे वळून म्हणाल्या, "अगं, मास्तरांना पाणी द्या."

मी विचारलं, "घरून फोन आला होता का तुम्हाला?"

"काळजी वाटते गं त्यांना," त्या म्हणाल्या आणि बाह्यांकडे बघत राहिल्या.

मला रडू फुटत होतं, पण तिथे रडले असते तर आणखी पाणी आलं असतं. मी पिशवी उचलली आणि निघाले. रस्त्यात हार्डवेअरचं दुकान लागलं. काउंटरवर हात आपटून म्हटलं, "कडी द्या." दुकानदार म्हणाला, "आतून लावायची की बाहेरून?"

"आतून!" मी अशी खेकसले की तो दोन पावलं मागे सरकला. मग त्याने मुकाट कडी, स्क्रू आणि पेचकस कागदात गुंडाळून दिले. पाणी विचारलं नाही. त्याच्या बायकापोरांचं भलं होवो.

घरी येऊन चप्पलसुद्धा न काढता कामाला लागले. जुन्या जागी स्क्रू धरेनात, ह्यांची लांबी भुसभुशीत होऊन गळायला लागली. मग जरा वर, कारखान्याच्या टोच्याने भोकं पाडली आणि कडी बसवली. तिरकी बसली. बसू दे. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या, हातात अर्थातच पेला.

"सूनबाई, पाणी..."

"ठेवा तिथे."

त्यांनी खाली फरशीवर ठेवला आणि पेल्याशेजारीच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बारकी आली, तिने बघितलं आणि गुपचूप फोनवर काहीतरी टाइप केलं. कुणाला ते कळायला मला ज्योतिषी नको होता. थोड्या वेळात हे हजर. कपड्यांवर भिंगांची पांढरी पूड तशीच.

"हे काय?"

"कडी."

"कशाला?"

"लावायला!"

"अगं, टॉवेल असतो ना दाराला. कुणी आत येतं का?"

"टॉवेल बाहेर असतो. मला आत काहीतरी हवंय. अहो, मला चार भिंतींत एकटीला बसायचंय, कुणाला 'आहे' न सांगता. आहे मी! दिसत नाही का, आहे! बाह्या चुकवल्या तर मला कुणी शिवी देत नाही. मी काय काचेची आहे? माझ्यावर ओरडा ना कुणीतरी!"

बारकीचा हात पाण्याच्या माठाकडे गेला आणि माझ्याकडे बघून तिथेच थांबला.

हे त्या तिरक्या कडीकडे बघत होते. खूप हळू म्हणाले, "माझ्याच्याने ते दार परत उचकटवणार नाही गं."

"मग नका उचकटू. मी नुसती बसले होते. एवढं खरं माना, बास."

ते हात धुवायला गेले. कडी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा ती लावली. खट्. काय सांगू तो आवाज! मी बादली पालथी घातली आणि मुद्दाम तिच्यावर बसले. कुठल्या दुखण्याने नाही, हौसेने बसले. मनात म्हटलं, आता रडू, आता हसू, आता भिंतीला वेडावून दाखवू, कोण बघतंय. आणि मग लक्षात आलं की बाहेर काहीच वाजत नाहीये. भांडं नाही, रेडिओ नाही, सासूबाईंचं खाकरणं नाही. दाराखालच्या फटीतून बघितलं तर सावल्या. तीन माणसांच्या. कुणी विचारत नव्हतं, मी सांगितलं होतं ना विचारू नका. तिघंही नुसती श्वास रोखून उभी होती.

थोडा वेळ मी दात-ओठ खात बसले. मग मला त्यांचा श्वास माझ्याच छातीत अडकल्यासारखा वाटला. मी गुणगुणायला लागले. माझा आवाज म्हणजे गंजलेलं बिजागर, पण मी गात राहिले, अंघोळ होईपर्यंत गात राहिले, म्हणजे त्यांना कळावं. 'आहे' म्हणायचं सुटलं आणि गाणं गळ्यात पडलं. बाहेर आले तर तिघं तीन दिशांना काम असल्यासारखी पांगली. त्या दिवशी कारखान्यात मी उजव्या बाह्या कापून दिल्या.

असेच दिवस गेले. मी कडी लावायची, गायची, ते ऐकायचे. मला वाटलं, हेच आता आपलं जिणं. पण हळूहळू सावल्या कमी झाल्या. आधी बारकी कंटाळली, मग सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले. एक दिवस तर सासूबाई म्हणाल्या, "सकाळी सकाळी ते रडगाणं बंद कर बाई, कान किटले माझे." मला इतका आनंद झाला की मी जाऊन त्यांच्या बरणीतली साबणाची पूड काढली, बरणी धुतली, पुसली आणि मग तिच्यावरूनच त्यांच्याशी कडकडून भांडले. पेला कुणी आणला नाही.

मग तो रविवार. दुपारी मी बाजारातून आले. सासूबाई बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकत होत्या. बारकी खाटेवर लोळत होती. मी भाजीची पिशवी ठेवली आणि हातपाय धुवायला गेले. मुठीला टॉवेल नव्हता, कडी आल्यापासून टॉवेलाची रीत मोडलीच होती. दार ढकललं. आतून बंद.

म्हणजे हे आत होते. आत नळ धो धो सोडलेला. ह्यांना नळ असा सोडलेला खपत नाही, बारकीने सोडला तर अर्धा तास व्याख्यान देतात. मी परत जाणार होते. वळलेसुद्धा. आणि त्या पाण्याच्या आवाजाखालून मला दुसरा आवाज ऐकू आला. तोंडावर काहीतरी दाबून धरल्यासारखा, तुटक तुटक. आधी कळेचना काय ते. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, लेक डोक्यावरून गेली, पण हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. ह्यांचे वडील गेले तेव्हाही नाही. ज्या दुपारी दार उचकटलं तेव्हाही नाही.

मग डोक्यात उजेड पडला. एवढंसं आमचं घर. झोपायच्या खोलीत मी, बाहेर सासूबाई, मधे बारकी. दार बंद होईल अशी घरात एकच जागा, आणि तिची कडी ह्यांनी वर्षापूर्वी स्वतःच्या हाताने काढून भोकं बुजवली. मला कडी हवी म्हणून मी घर डोक्यावर घेतलं. त्यांना हवी होती का, हे मी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

आता काय करायचं ते माझ्याइतकं या जगात कुणाला ठाऊक होतं? काही नाही करायचं. दारापासून लांब जायचं, रेडिओचा आवाज वाढवायचा, भांडी वाजवायची. आतल्या माणसाला वाटू द्यायचं की बाहेर कुणाचं लक्ष नाही. मला हेच तर हवं होतं, वर्षभर, रोज. मी स्वतःला म्हटलं, जा. भाजी निवड जा.

पाय हलेनात. आतला आवाज थांबला होता. नुसतं पाणी. रडणं ऐकू येत होतं तेव्हा परवडलं, असं वाटायला लागलं. इतकी शांतता कशाला? बसलेत का? पडलेत का? फरशी ओली असते. मला समोरचं दार दिसेना, डोळ्यांपुढे नुसती आतली ती बुजवलेली भोकं यायला लागली. ह्यांनी त्या दुपारी इथेच उभं राहून हाका मारल्या होत्या, आणि मी आतून ऐकत होते.

मी स्वयंपाकघरात कधी गेले ते आठवत नाही. परत दारासमोर उभी होते तेव्हा माझ्या हातात पेला होता, काठोकाठ भरलेला, आणि पाणी पायांवर सांडत होतं.

"अहो," मी म्हटलं. "आहात ना?"

नुसतं पाणी. मग नळ बंद झाला.

"आहे," आतून आवाज आला, बसलेला, नाकातला. आणि जरा थांबून, "काही नाही गं. नुसता बसलोय."

मी ते शब्द ऐकले. माझेच होते. शब्दन् शब्द खरे असणार, माझ्याहून जास्त कुणाला माहीत.

आणि माझा विश्वास बसला नाही. मी पेला घेऊन तिथेच उभी राहिले.